पाणाड्या एल्वुड आणि पळणारा गडी

काठी खाली वळली आणि चर्चच्या तळघरातलं सूप पिणं थांबलं. चमचे हवेतल्या हवेत, तोंडं उघडी, आणि सगळ्यांचे डोळे पिंगपाँगच्या टेबलावर. टेबलावर पांढऱ्या कार्डांची रांग मांडलेली, प्रत्येक कार्डावर अमेरिकन फुटबॉलच्या एकेका खेळाडूचं नाव. त्या रांगेवरून एल्वुड फ्रांट्झ आपली बेचकीसारखी काठी धरून चालला होता. काठीची दोन टोकं त्याच्या मुठींत, तिसरं समोर. ते तिसरं टोक थरथरलं, इकडेतिकडे झालं, आणि कुणीतरी खालून ओढावं तसं एका कार्डावर झुकलं.

“नाव वाच रे, गॉर्डी,” एल्वुड दमल्या आवाजात म्हणाला. “माझा चष्मा गाडीत राहिला.”

गॉर्डी म्हणजे गावातला टायरवाला. अंगाने दांडगा, मनाने भोळा, आणि एल्वुडचा पहिला भक्त. त्याने कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं. “रोमेलो पिटमन.”

तळघरात कुजबुज सुरू झाली. पिटमन? तो तर नावाजलेल्या वॉल्शच्या मागे बाकावर बसणारा राखीव गडी. या मोसमात त्याच्या हाती चेंडू आला असेल तर तो पुसायला. एल्वुड मात्र डोळे मिटून उभा होता, कुणी विचारलं तरी सांगणार नाही अशा थाटात.

सूप संपलं. कुणीतरी कोपऱ्यातला टीव्ही लावला. पडद्यावरचे कोटवाले समालोचक सांगत होते की वॉल्शचा गुडघा दुखावलाय, आज तो बसणार, आणि त्याच्या जागी पिटमन पळणार. म्हाताऱ्या लेस्टरने डोक्यावरची टोपीच काढली. गॉर्डीने एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा एल्वुडकडे बघितलं आणि सगळ्यांच्या मनातलं बोलला, “टीव्हीला आत्ता कळतंय. काकांना मघाशीच कळलं.”

सूप वाढत असलेल्या व्हर्ना डीट्झने कपाळाला आठी घातली. व्हर्नाचं उभं आयुष्य गावच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं होतं. तळघरातले निम्मे पुरुष तिच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे त्यांना काय येतं आणि काय येत नाही याचा तिला चांगला अंदाज होता. आता त्यांची पोटं सुटली, केस गळले, तरी ते तिला ‘बाई’च म्हणत आणि ती समोर आली की नकळत खिशातले हात बाहेर काढत. गॉर्डी तिच्या तासाला झोपायचा. तो अजून जागा झालेला नाही, असं तिचं मत होतं.

हे खूळ गावात आणलं तेही गॉर्डीनेच, त्या शरद ऋतूत. खेळ असा, की दर रविवारी फोनवर आपला एक मनातला संघ बांधायचा. गडी खरेच घ्यायचे. प्रत्येकाला एक किंमत लावलेली, आणि खर्चायला सगळ्यांना सारखीच खोट्या डॉलरांची थैली. आपले गडी त्या दिवशी मैदानात जे करतील त्याचे आपल्याला गुण. यात माणसाची झोप उडवतो तो रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या धिप्पाड रांगेत घुसणारा पळणारा गडी. नावाजलेला घ्यावा तर थैली तिथेच रिकामी. स्वस्तातला घ्यावा तर तो दिवसभर बाकावर बसून पाणी पिणार. पण नावाजलेला ऐनवेळी आजारी पडला आणि त्याचा स्वस्त राखीव मैदानात उतरला, तर मात्र चंगळ. किमती आठवड्याच्या सुरुवातीला ठरतात आणि मग हलत नाहीत. त्यामुळे कोंबडीच्या भावात बैल पदरात पडतो, आणि थैलीत उरलेल्या पैशांत बाकीचे गडी एकाहून एक सरस घेता येतात.

असा गडी कुठला, हे आधी कळावं म्हणून सगळं गाव डोकं फोडून घेत होतं, आणि एल्वुडची काठी ते सांगत होती.

एल्वुड मूळचा पाणाड्या. पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोऱ्यात त्याच्या बापाने आणि आज्याने हेझलच्या झाडाची काठी फिरवून विहिरी दाखवलेल्या. पुढे यंत्रवाले आले, त्यांनी कुठेही भोक पाडून पाणी काढायला सुरुवात केली, आणि एल्वुडला कुणी विचारेना. बायको गेलेली, मुलगी लांब अ‍ॅरिझोनात. एका रविवारी तळघरात गॉर्डी कार्डं मांडून डोकं खाजवत बसला होता, तेव्हा एल्वुड गमतीने म्हणाला, आण इकडे, बघतो काठी फिरवून. त्या दिवसापासून पहिला वाडगा एल्वुडला, अ‍ॅपल-पायचा मोठा तुकडा एल्वुडला, आणि हिवाळ्याची लाकडं फोडून त्याच्या दारात रचलेली.

त्याची बडबडही हळूहळू तयार होत गेली. “पाणी काय करतं? फट शोधतं,” तो काठी उचलता उचलता म्हणायचा. “पळणारा गडी काय करतो? फटच शोधतो. दोघांची जात एक. काठीला जात कळते, बाळांनो, काठीला किंमत कळत नाही.” या चर्चच्या खालून एक झरा वाहतो म्हणे, आणि देशभरातली मैदानं आतून त्याला जोडलेली आहेत. हे ऐकून लोक गंभीरपणे माना डोलवत. एखाद्या रविवारी त्याचा गडी काही न करता परतला, तर एल्वुड तळघरभर नजर फिरवून विचारायचा की कोण शंका घेऊन बसलं होतं. मग लोक एकमेकांकडे संशयाने बघत आणि शेवटी सगळे व्हर्नाकडे बघत. आणि एखाद्या रविवारी काठी हलायचीच नाही. ‘आज झऱ्याची शीर कोरडी आहे,’ एवढं बोलून तो सुपाला लागायचा. त्याने तर त्याचा मान आणखीच वाढला. खोटारडा असता तर रोज काहीतरी सांगितलंच असतं, असा गॉर्डीचा युक्तिवाद.

वर उपासना चालू असायची तेव्हा एल्वुड आवारात आपल्या पिकअप गाडीत बसून राहायचा. पूर्वीच्या एका पास्टरने त्याच्या काठीला सैतानाचं लाकूड म्हटलं होतं, तो राग त्याने धरून ठेवलेला. आताच्या पास्टर नेओमी यांना काठीचं काही नव्हतं, त्यांचं वैर फोनशी. एका अंत्यविधीत, शेवटची प्रार्थना चालू असताना, कुणाच्या तरी खिशातल्या फोनवर पोल्का नाचाची धून वाजली होती. तेव्हापासून दारातच पावाची मोठी टोपली. आत येताना फोन तिच्यात टाकायचा आणि खाली सूप पिऊन, चार माणसांशी तोंडाने बोलून झालं की मगच परत मिळायचा. सामना एकला सुरू होतो, तेवढ्यात संघ बांधायला वेळ पुरे, असं पास्टरांचं म्हणणं.

हे सगळं इथवरच थांबलं असतं, तर व्हर्नानेही हसून सोडून दिलं असतं. पण एके दिवशी गॉर्डीने चेष्टेने आपली पित्ताच्या गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली. काठी झुकली. ‘ही तुला लागते,’ एल्वुड म्हणाला. पुढच्या रविवारी टेबलावर बाटल्यांची रांग लागली. एल्वुड आधी कचरला. पण लोक एवढ्या आशेने बघत होते, की नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्या रांगेत व्हर्नाच्या नवऱ्याची, हार्लनची, बाटली होती. तिच्यावरून फिरताना काठी झुकलीच नाही.

हार्लनने ही गोष्ट घरी नाश्त्याला सांगितली, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलाय म्हणावं तितक्या सहज.

“गोळ्या बंद केल्यात मी. कोरडी विहीर म्हणाला एल्वुड. माझ्यासाठी त्यात काही नाही.”

हार्लनचं हृदय ठेका चुकवत होतं. त्यात रक्त साकळतं, त्याची गाठ होते, आणि ती मेंदूत जाऊन बसली की बोलता बोलता माणसाचं अर्धं अंग जातं. म्हणून रक्त पातळ करायची ही गोळी, रोज, न चुकता. डॉक्टरने दोघांना समोर बसवून चित्र काढून समजावलं होतं, आणि हार्लनने चित्राची तारीफ केली होती.

“तुला कळतंय का तू काय करतोयस?”

“त्या गोळीने साधं कोपर आपटलं तरी काळंनिळं होतं मला.”

“होऊ दे काळंनिळं. मला तू जिता पाहिजेस, रंग कुठला का असेना.”

हार्लनने काटा खाली ठेवला. तो भांडखोर नव्हता, हट्टी होता, आणि हे जास्त अवघड. “काठी खोटी असती, तर पिटमन कसा सांगितला असता तिने? टीव्हीच्या आधी? तू विज्ञानाची बाई ना, मग सांग की.”

व्हर्नाला सांगता येईना. यात काहीतरी लबाडी आहे एवढं तिला नक्की माहीत होतं, पण ती कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि ‘काहीतरी असेल’ हे उत्तर तिने कुणा पोराकडून कधी चालवून घेतलं नव्हतं. तिने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर हार्लनशी कडक शब्दांत बोलला, हार्लन प्रत्येक वाक्याला हो हो म्हणाला, आणि फोन ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. गोळी कुटून सफरचंदाच्या गरात कालवावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. त्यांच्या कुत्र्याला ती तसंच औषध द्यायची. पण हार्लन कुत्रा नव्हता, आणि फसवून दिलेली गोळी किती दिवस देणार? म्हणजे आधी पिटमनचा उलगडा व्हायला हवा होता. तो झाल्याशिवाय गोळी हार्लनच्या घशाखाली उतरणार नव्हती.

त्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरात कप फुटल्याचा आवाज आला. व्हर्ना जिन्यावरून अशी धावली की तिची एक चप्पल वरच राहिली. हार्लन सिंकपाशी उभा राहून हात झटकत होता. कॉफी गरम होती, बाकी काही नाही. तो तिच्याकडे बघून हसला. ती मात्र तिथेच खुर्चीत बसली आणि रडली. मग चिडून त्यालाच म्हणाली की कप तिच्या आईचा होता.

पुढच्या रविवारी तिला खोकल्याने असं धरलं की हार्लन एकटाच चर्चला गेला. व्हर्ना घोंगडी पांघरून कोचावर पडली. समोर टीव्ही तसाच चालू, त्याच्या फुटबॉलच्या वाहिनीवर. बंद करायला उठायचंही त्राण नव्हतं. साडेअकराच्या सुमारास पडद्याच्या तळाशी नावं सरकायला लागली: अमका संघ, आज न खेळणारे गडी, तमका संघ, आज न खेळणारे गडी. कोटवाल्यांपैकी एकाने मोठ्या उत्साहात सांगितलं की यादी आली, मोठी बातमी, आज ड्वेन मॅबरीला संधी. व्हर्नाने ऐकलं, कूस बदलली आणि डोळा लागला.

दुपारी हार्लन आला तो उड्या मारतच. “काठी कुणावर झुकली, सांगू?”

“मॅबरी,” व्हर्ना म्हणाली.

हार्लनचा चेहरा बघण्यासारखा झाला. “तुला कसं कळलं?”

“टीव्हीवर सांगितलं ना.”

“ते साडेबाराला सांगितलं. आम्ही खाली बसून बघितलं. एल्वुडने त्याच्या आधी सांगितलं होतं.”

“मी साडेअकराला ऐकलं, हार्लन.”

“झोपेत ऐकलं असशील. खोकल्याचं औषध घेतलंस ना.” आणि तो सामना बघायला बसला.

व्हर्ना टक्क जागी झाली होती. फोनवर शोधायला तिला फार वेळ लागला नाही. सामन्याच्या दीड तास आधी प्रत्येक संघाला जाहीर करावंच लागतं की आज कोण बसणार. सामना एकचा, म्हणजे बातमी साडेअकराची. जन्मभर फुटबॉल बघणाऱ्या या गावाला ते कळू नये? पण कळणार कसं? साडेअकरा म्हणजे प्रवचनाची वेळ. त्यांचे बाप आणि आजेही त्या वेळेला त्याच बाकांवर बसलेले. फुटबॉलमधलं एकनंतरचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. साडेअकराला काय होतं ते गावात कुणी कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी जे एल्वुडकडून आधी ऐकलं ते आधी घडलं असं धरलं, आणि जे टीव्हीवर नंतर ऐकलं ते नंतर घडलं असं धरलं. बातमी मात्र शिळी होती, दोन्ही वेळेला.

हे नुसतं सांगून हार्लनला पटणार नव्हतं, त्याने ते आत्ताच दाखवून दिलं होतं. पोरांना नुसतं सांगून कधी काही पटतं का? करून दाखवावं लागतं. व्हर्नाने पास्टर नेओमींना गाठलं आणि पुढचे काही रविवार उपासनेतून रजा मागितली. कारण ऐकून पास्टर बराच वेळ हसत राहिल्या आणि मग म्हणाल्या, रजा मंजूर.

पुढच्या रविवारी व्हर्ना दफनभूमीच्या मागे गाडी लावून रेडिओ ऐकत बसली. पण त्या दिवशी कुणी धड दुखावलेलाच नव्हता. सगळे नावाजलेले गडी ठणठणीत. व्हर्नाने जन्मात पहिल्यांदा देवाकडे मागितलं की कुणाची तरी मांडी आखडू दे, थोडीशीच, आणि लगेच माफीही मागितली. तळघरात एल्वुडने काठी उचलली आणि शीर कोरडी असल्याचं जाहीर केलं. व्हर्नाला मनातल्या मनात टाळी वाजवावीशी वाटली. मग बाजूला सूप पिणाऱ्या हार्लनकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला वाटलं, अजून एक आठवडा. अजून एक आठवडा हा असाच फिरणार, आणि प्रत्येक रात्री मी याचा श्वास ऐकत पडणार.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र रेडिओने नाव दिलं. आयझेया टक. नावही कुणी न ऐकलेला पोरगा. त्याच्या पुढचा गडी पोट बिघडून बसलेला.

उपासना सुटली. लोक खाली आले तेव्हा पिंगपाँगच्या टेबलाशी एल्वुडच्या आधी व्हर्ना उभी होती, हातात सूप वाढायचा डाव. तिने डोळे मिटले, डाव दोन्ही हातांत आडवा धरला आणि कार्डांवरून चालायला लागली. लोक हसले. मग डाव थरथरायला लागला, तसे गप्प झाले. एका कार्डावर तो ठक्कन आपटला.

“वाच रे, गॉर्डी. माझाही चष्मा राहिलाय.”

“आयझेया टक,” गॉर्डीने वाचलं. “बाई, हा कोण?”

तेवढ्यात एल्वुड आला. आधी काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने काठी काढली, पाणी आणि गडी यांची जात एक असल्याचं सांगितलं, फेरी मारली, आणि काठी झुकली. गॉर्डीने कार्ड उचललं. तेच नाव.

आता खरं तर लोकांनी विचार करायला हवा होता. पण झालं भलतंच. गॉर्डी व्हर्नाकडे वळला आणि टोपी छातीशी धरून म्हणाला, “बाई, तुमच्यातही आहे ते.” लेस्टर पँटचा पाय वर करत पुढे आला आणि म्हणाला की डाव जरा त्याच्या गुडघ्यावरून फिरवावा. पाच मिनिटांत तळघरात काठीपंथ आणि डावपंथ असे दोन तट पडायला लागले. व्हर्नाने हताशपणे पास्टरकडे पाहिलं. मग तिने आवाज चढवला, तोच जुना, वर्गातला.

“खाली बसा सगळे.”

सगळे बसले. एल्वुडसुद्धा बसला.

“साडेअकराला तुम्ही कुठे होता?”

“वर. प्रवचनाला,” गॉर्डी म्हणाला.

“फोन कुठे होते?”

“टोपलीत.”

“एल्वुड कुठे होता?”

“गाडीत.”

“गाडीत काय असतं?”

“हीटर,” लेस्टर म्हणाला.

“आणखी?”

मग मागून एक बारीक आवाज आला, पास्टरांचाच. “रेडिओ?”

“मीही आज गाडीत होते,” व्हर्ना म्हणाली. “माझ्यात काही आलेलं नाही. साडेअकराला संघ सांगतात की कोण बसणार. दर रविवारी सांगतात. रेडिओवर, टीव्हीवर, आणि तुमच्या फोनवर. पास्टर, टोपली आणा.”

टोपली टेबलावर आली. ज्याने त्याने आपापला फोन उचलला. प्रत्येकाच्या पडद्यावर टकची बातमी आलेली होती आणि तिच्याखाली साडेअकराची वेळ छापलेली होती. गॉर्डी मागे मागे जात राहिला, मॅबरीपर्यंत, पिटमनपर्यंत. सगळं साडेअकराचं. खाली वाडग्यांची तयारी चालू असताना वर टोपलीत पावाच्या फडक्याखाली हे सगळे चमत्कार मुकाट्याने येऊन पडत होते.

“मग शीर कोरडी म्हणजे…” गॉर्डी सावकाश म्हणाला.

“त्या दिवशी कुणी आजारी नव्हतं.”

एल्वुड उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “रेडिओ लागलेला असतो, खरंय. कानावर पडतं. पण काठी मी वळवत नाही, बाई. ती आपली आपण वळते. शपथ घेऊन सांगतो.”

व्हर्नाला ते खरं वाटलं. ती जरा मऊ झाली. “तुला वाटत असेल तसं. ताणून धरलेल्या बेचकीला मनगट केसभर हललं तरी पुरतं. डोक्याला जे माहीत असतं ते हात करून टाकतात, तुला न सांगता. बघायचंय?”

एल्वुड हो म्हणाला, आणि यात त्याचा प्रामाणिकपणा होता. व्हर्नाने कार्डं पालथी केली, पिसली, पुन्हा मांडली. टकचं कार्ड कुठलं, हे आता खुद्द तिलाही माहीत नव्हतं. एल्वुड काठी घेऊन चालला. काठी थरथरली आणि कडेच्या एका कार्डावर जोरात झुकली. गॉर्डीने ते उलटलं, वाचलं, आणि खाकरला.

“बटाटे, उकडून. अंडी. मोहरीची पेस्ट. सेलरी बारीक चिरून.”

पिसताना व्हर्नाने स्वयंपाकघरातलं सॅलडच्या कृतीचं कार्डही मध्ये सरकवून दिलं होतं. हसून हसून तळघरातल्या सगळ्यांची पोटं दुखायला लागली. लेस्टर म्हणाला की हे सॅलड आज चांगलंच पळणार. एल्वुड काठीकडे बघत उभा राहिला. तिच्याकडून त्याला ही अपेक्षा नव्हती.

हसला नाही तो फक्त हार्लन. तो उठून टेबलापाशी आला आणि एल्वुडच्या समोर उभा राहिला. दोघं शाळेपासूनचे.

“एल्वुड, तुला रक्तदाब आहे ना?”

“आहे.”

“गोळ्या घेतोस?”

“घेतो की.” एल्वुडने सवयीने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. आतून वारांची नावं असलेली प्लास्टिकची डबी डोकावत होती.

“त्यांच्यावर काठी फिरवलीस?”

एल्वुडने डबी खिशात आणखी आत ढकलली.

“फिरवलीस का, विचारतोय.”

“नाही.”

“का नाही?”

एल्वुडने इकडेतिकडे बघितलं. सुटायला वाट नव्हती, आणि मुळात तो वाईट माणूस नव्हता. “चुकली असती तर?” तो हळूच म्हणाला.

“आणि माझ्यावर चुकली असती तर?” हार्लनने विचारलं.

त्याचा आवाज चढला नव्हता. पण एल्वुड खुर्चीत बसला तो दोन्ही हातांत तोंड लपवूनच. काठी फिरवून घ्यायला टेबलाच्या कडेला मांडलेल्या आपापल्या बाटल्या लोकांनी हळूहळू उचलल्या. हार्लन व्हर्नाकडे वळला.

“बाटली आणलीयस?”

ती दर रविवारी पर्समध्ये घालून आणत होती. घाईघाईने झाकण उघडताना दोन गोळ्या जमिनीवर पडल्या. हार्लनने बाटलीतली एक घेतली आणि वाडग्यात उरलेल्या सुपाच्या घोटाबरोबर गिळली. व्हर्नाने त्याच्या दंडावर जोरात चापट मारली, मग त्याच दंडाला धरून उभी राहिली, आणि उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टरकडे जायचं असं बजावलं. हार्लन हो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर गेला.

एल्वुडला कुणी हाकललं नाही. त्याला लाकडं अजून मिळतात, वाडगाही मिळतो, फक्त पहिला नाही. गॉर्डीने पास्टरांना विनंती केली की प्रवचन साडेअकराच्या आत उरकावं. पास्टरांनी ती विचारात घेतली आणि पुढच्या रविवारी पाऊण तास बोलल्या.

हे गाव वेडं होतं असं समजून कुणी हसू नये. आपणही कुठल्या ना कुठल्या साडेअकराला बाकावर बसलेले असतो, आणि फोन कुणाच्या तरी टोपलीत असतो. म्हणून कुणी अद्भुत काही सांगितलं की त्याला विचारावं, तुला हे कळलं कधी आणि कुठून? उत्तरादाखल तो झरे, शिरा, तुमची शंका असलं काही सांगायला लागला, तर पुन्हा विचारावं. आणि गोष्ट जिवावरची असेल, तर तोंड उघडून एवढं तरी विचारावंच, की हेच औषध तू स्वतः घेशील का? हार्लनने ते विचारायला उशीर केला होता, आणि तेवढ्या उशिरात एखादी गाठ सुटली असती तर या गोष्टीत हसण्यासारखं काही उरलं नसतं.